चौथा पंप न पाठवण्याबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
तापन विभाग, कर्मचारी निवास.

विषय : चौथ्या बिऱ्हाडातील जमिनीखालची नळी बदलण्याबाबत व आणखी मोठा पंप न पाठवण्याबाबत.
संदर्भ : माझी तक्रार ‘निकाली’ काढल्याचे आपले पत्र.

महोदय,

१. आमच्या मजल्यावरील चारही बिऱ्हाडांच्या फरशीखालून खोल्या उबदार ठेवण्यासाठी गरम पाण्याची एकच सलग नळी जाते. ती बोटाएवढी बारीक असून वळसे घेत घेत सर्वांत शेवटी माझ्याकडे येते. पहिल्या बिऱ्हाडातील मावशी भर हिवाळ्यात उकडते म्हणून खिडक्या उघड्या टाकतात. माझ्याकडे पोचेपर्यंत पाण्यात काही राम उरत नाही.

२. मी नळीबद्दल तक्रार केली, आपण पंप बदलला. पुन्हा केली, त्याहून मोठा पंप आला. हा तिसरा सुरू झाला की नळी शीळ घालते, जमीन मात्र गारच. इतक्या लांब, बारीक नळीत पंपाचा सगळा जोर पाणी रेटण्यातच जातो. प्रत्येक बिऱ्हाडाला आखूड, स्वतंत्र नळी हवी, हे आपलेच मिस्त्री कबूल करतात. परंतु फरशी उखडायला नळी शाखेस ‘पंप पुरेसा आहे’ असा पंप शाखेचा दाखला लागतो. पंप शाखा म्हणते, खोली गार असताना पंप पुरेसा कसा म्हणायचा? आणि मोठा पंप पाठवते.

३. माझ्या आईचे गुडघे थंडीने आखडतात. पंप बदलेपर्यंत म्हणून ती दुपारची मावशींकडे बसू लागली. मग शाल तिकडे राहिली, मग औषधे, मग अंथरूण. मावशींचे उपकार फिटणार नाहीत. पण कामावरून परतल्यावर घर खायला उठते, हे अर्जात शोभत नसले तरी लिहितो.

४. आपले निरीक्षक पाहणीस आले ते पहिल्याच बिऱ्हाडात टेकले. तिथे आईने “छान ऊब आहे हो, काही त्रास नाही” असे सांगितले. त्यावरून ‘अर्जदाराच्या मातोश्री पूर्ण समाधानी’ असा शेरा मारून तक्रार बंद झाली. आई खोटे बोलली नाही. फक्त ती माझ्या घरात बसून बोलत नव्हती. मी चिडलो तर म्हणाली, “अरे, बिचारे जिने चढून दमले होते, त्यांना कुठे आणखी पुढे पाठवू?”

५. काल तिने वडिलांचा फोटो मागवून घेतला. मी नेऊन दिला. एवढे दिवस ती तिकडे फक्त बसायला जाते, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो.

तरी नळी बदलावी, ही कळकळीची विनंती. फोटोचा खिळा मी भिंतीतून काढलेला नाही.

आपला नम्र आणि दमलेला,
(सही)
रहिवासी, बिऱ्हाड क्रमांक चार
दिनांक : ३ फेब्रुवारी

सोबत : १. नळीच्या वळशांचा हाताने काढलेला नकाशा.
२. फरशी उखडण्यास चारही बिऱ्हाडांची संमती. साक्षीदार : माझी आई, मुक्काम बिऱ्हाड क्रमांक एक.