लाटव्हिया, मी आणि ‘नोडोण’

१ जून
कॉलेज संपलं. तीन वर्षं बास्केटबॉल टीममध्ये, त्यातली अडीच बेंचवर. बेंचवरून गेम जास्त कळतो. कोचसरांना स्पष्ट विचारलं, परदेशातली लीग खेळू शकेन ना? कानडीत म्हणाले, ‘नोडोणपा.’ बघू या! सरांची नजर होतीच माझ्यावर. माझ्या बहिणीसाठी, मधुवंतीसाठी, आलेलं स्थळ टाळायचं असलं की अप्पाही ‘नोडोण’ म्हणतात, पण ते वेगळं. हे खेळातलं.

४ जून
लाटव्हिया फायनल. तिथल्या एका क्लबला बाहेरचे खेळाडू हवेत. संकल्प: पहाटे पाचला ग्राउंड, पाचशे शॉट, थंडीची सवय.

५ जून, सकाळी ९.१०
अलार्म मधुवंतीने बंद केला. ती म्हणते, तूच केलास. थंडीची सवय मात्र सुरू: फॅन पाचवर, पांघरूण नाही.

६ जून
सर्दी.

११ जून
अप्पांनी इथल्याच लॅमिंग्टन रोडच्या एका शाळेत पीटी टीचरची नोकरी बघितली आहे. एक जुलैला हजर व्हायचं. म्हटलं, तेव्हा मी लाटव्हियात असेन. अप्पांनी विचारलं, ते अळणावर स्टेशनच्या अलीकडे की पलीकडे? दुर्लक्ष केलं.

१५ जून
फॉर्म भरला. उंची सहा फूट दोन लिहिली. आहे पाच अकरा, पण बूट, केस आणि जिद्द धरली की होते. आता व्हिडिओ हवा. दुर्गदबैलच्या बाजारात जाऊन प्रभंजनला त्याच्या वडिलांच्या खिळे-बिजागऱ्यांच्या दुकानातून ओढून आणलं. आमच्याच टीमचा. महत्त्वाकांक्षा शून्य. बॉल आणून द्यायला कोणीतरी लागतंच.

१६ जून
शूटिंग. कॅमेऱ्यावर मधुवंती. एकोणचाळीस शॉट, आठ आत. रिंग वाकडी आहे. चुकलेले बॉल प्रभंजन उडी मारून आत टाकत होता. मध्ये मध्ये करू नकोस म्हटलं. ‘आतु बिडो, बरं राहिलं,’ म्हणाला. व्हिडिओ पाठवला.

२४ जून
मेल आला!! व्हिडिओ आवडला, ट्रायलला बोलवायचंय! आईने सांजा केला. अप्पांना सांगितलं, शाळेला नकार कळवा. ‘नोडोण,’ म्हणाले. परवानगी मिळाली.

२४ जून, दुपारी
मधुवंतीने मेल शेवटपर्यंत वाचला. बॉल परत आत टाकणाऱ्या त्या दुसऱ्या मुलाचं नाव विचारलंय. लाटव्हियन लोकांचं इंग्रजी कच्चं असणार. खुलासा मागवला.

२५ जून
खुलासा आला. त्यांना तो दुसराच हवाय.
वाईट वाटलं. फार. इथे कोण वाचतंय, म्हणून लिहितो.

२६ जून
मेल दाबून ठेवता आला असता. दुकानात जाऊन दाखवला. प्रभंजन म्हणाला, तुझं स्वप्न आहे रे ते, मी नाही जात. गिऱ्हाइकांसमोर ओरडलो त्याच्यावर. तो जातोय.

२९ जून
त्याचा फॉर्म मीच भरला. उंची सहा फूट दोन. खरीच आहे.

३० जून
प्रभंजनला म्हटलं, तिथे पोचलास की माझं नाव काढ. मॅनेजर, असिस्टंट, काहीही चालेल. तो बराच वेळ बिजागऱ्या पुसत बसला. मग अगदी प्रेमाने म्हणाला, ‘नोडोण, साकेत.’
घरी येऊन अप्पांना भीत भीत विचारलं, शाळेला नकार कळवलात का? पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, तेव्हाच नोडोण म्हणालो होतो की.
शर्टला इस्त्री केली. शाळा पावणेआठला. अलार्म मधुवंतीच्या उशाशी ठेवलाय.