हळदीच्या खडकावरून वाट

३ मार्च, मंगळ.
बूट घालून हळद तुडवणाऱ्याला त्याच्या आईनं घरात घेऊ नये. टेकडीवरच्या काळ्या खडकावर आमी सासूच्या वेळेपासून शिजवलेली हळद वाळवतो. माती लागत न्हाई, लवकर वाळते. आता वनखात्यानं तिथूनच फिरायची वाट काढली. शहरातले लोक गुहा बघायला येऊन राहिले. वाट चुकू नये म्हणून दगडांवर पिवळे पट्टे. आमची हळद त्या वाटेच्या मधातच.
शेजारची चांदबी म्हणे, "जाने दे गं, झाडून घेऊ." तिची-माझी हळद एकाच कढईत शिजते. तिला राग येतच न्हाई, तिच्या वाटणीचाबी मलाच करावा लागते.

५ मार्च
नवा गार्ड आला. म्हणे हा खडक म्हणजे ज्वालामुखीचा रस, थिजलेला. म्हणलं, "अजून निवला न्हाई बाबा, दुपारी अनवाणी उभा राहून बघ." राहिला न्हाई. हळद उचला म्हणते. निम्मी तर शिजायचीच हाय. अंगणात टाकली की माती, कोंबड्या, रंग गेला. वर्षाची मेहनत.

८ मार्च, रवि.
आज आमी दोघी लई हसलो. ओली हळद पाट्यांतून नेताना पिवळं पाणी गळते, कढईपासून खडकापर्यंत डागच डाग. शहरातली पाच-सहा माणसं ते डाग धरून गुहेऐवजी सरळ आमच्या खळ्यात. धापा टाकत. एक बाई कढईजवळच्या धुरात बघून म्हणे, "गुहा हीच का?" म्हणलं, व्हय, शिरा आत.
ताक पाजलं. तेबी आमच्यासंगं हळद पालटू लागले. गुहा राहूनच गेली. जाताना एकानं बूट हातात घेतले. आई बरी असल त्याची.

९ मार्च
गार्ड तणतणत आला. लोक भलतीकडं जातात, साहेबाची बोलणी त्याला. म्हणलं तुझे पट्टे पांढरे कर, हळद काही पांढरी व्हायची न्हाई. रंग वरून ठरला म्हणे. ताक पिला, निवला. मग हळूच, "आजी, वाट कडेनं वळवता येईल. पण साहेब हो म्हणले पाहिजेत. उद्या येऊन राहिले."

१० मार्च, सकाळी
आज ऊन चांगलं पडणार. सारी हळद खडकावरच पसरली, एक पाटी उचलली न्हाई. वर गुहेची कपार, खाली आमचं पिवळं. बरं दिसते.
चांदबी नवं लुगडं नेसून आली, तूच बोल म्हणते. म्हणलं, मी रागात बोलले की साहेब आल्या जीपनं माघारी. गार्डानंबी गप राहायचं. साहेब काय विचारल त्याचं उत्तर चांदबीनंच द्यायचं.