मेलेल्या सासूची गाय

प्रिय लेमायान,

प्रिय लिहिलं, कारण पत्राची सुरुवात तशीच करायची असं शाळेत शिकवलं होतं. मनातला शब्द वेगळा आहे, तो कागदावर लिहिण्यासारखा नाही.

मंगळवारी पाहुण्यांना जंगल दाखवून परतताना तुझी गाडी मासाई मारा अभयारण्याच्या फाटकावर थांबली. आम्ही बायका नेहमीसारख्या मण्यांच्या बांगड्या घेऊन खिडक्यांना भिडलो. तुला बघितलं, पण ओळख दाखवली नाही. "येयो, पाहुण्यांसमोर मला लेकरा-बिकरा म्हणू नकोस हं, मालकाला चालत नाही," असं नोकरी लागली तेव्हा तूच बजावलं होतंस. आईच ना मी, तुझी येयो, गिळलं.

मग त्या पांढऱ्या केसांच्या बाईने माझ्या हातातली लाल बांगडी उचलली आणि डोळे पुसत तुला म्हणाली, तुझ्या आईची आठवण म्हणून ही घाल. वर मलाच समजावू लागली, बिचाऱ्याची आई नासिएकू, हा लहान असताना सिंहाने नेली हो! इतकी वर्षं फाटकावर उभी आहे मी, एवढं इंग्रजी मला कळतं. तीन दिवसांच्या सहलीत पहिल्याच शेकोटीला तू ही गोष्ट सांगतोस म्हणे. निघताना बक्षिसी बरी पडत असेल. आणि तू निमूट मनगट पुढे केलंस. बांगडी मी बांधली. माझ्याकडे मान वर करून बघायचीसुद्धा तुझी छाती झाली नाही.

गाडी गेल्यावर आमच्यातली नोलारी म्हणते, "अगं नासिएकू, भुताला चहा चालतो का गं, की नुसता वास पुरतो?" सगळ्या खिदळल्या. मीही हसले आणि मग रडले. रागाने रडले, समजलं?

सिंहाने आपली कालवड नेली होती, मला नाही. काठी घेऊन त्याच्यामागे मी धावले आणि तू शेळ्यांच्या आड दडून किंचाळत होतास. ती गोष्ट का नाही सांगत? थापा सगळेच चालक मारतात. बिबट्या दिसला नाही की 'आत्ताच इथे होता' म्हणतात, त्याला मी हसते. पण मेलेल्या माणसाचं नाव आपण मासाई लोक तोंडी आणत नाही, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तू मला मारलंस ते मारलंस, वर नावही घेतलंस!

आता लिहायला का बसले ते ऐक. पुढच्या महिन्यात तू सिलांतोईला लग्न करून घरी आणशील. आपल्या कुंपणाच्या दारात ती हटून उभी राहील, सासूने गाय कबूल केल्याशिवाय पाऊल आत टाकणार नाही. बरोबरच आहे, मीही तशीच अडले होते. गाय मी निवडून ठेवली आहे, त्याच कालवडीच्या बहिणीची लेक. पण मेलेल्या सासूची गाय कुणी कबूल करायची? म्हणून त्याआधी पाहुण्यांनी भरलेली गाडी घेऊन फाटकावर ये. खाली उतर, रीतीप्रमाणे माझ्यापुढे डोकं वाकव आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं 'येयो' म्हण. मग ही बाई कोण, ते त्यांना इंग्रजीत सांग. मी डोक्यावर हात ठेवीन. नाही आलास, तर ती पोर दारात उभी राहील आणि आतून कुणी उत्तर देणार नाही.

तुझीच, अजून जिवंत असलेली,
येयो