थोरल्या भावास एक गॅब्रो

मी, खाली सही करणारी, भूशास्त्राची निवृत्त शिक्षिका, वय वर्षे एक्काहत्तर, डोके शाबूत असताना व कोणाच्याही दडपणाखाली नसताना (मला दडपणाखाली आणील असा माणूस आमच्या घरात अजून जन्मायचा आहे) हे मृत्युपत्र राजीखुशीने करीत आहे. आधीचे रद्द समजावे. अंमलबजावणी मुलीने करावी.

१. राहते घर मुलीचे. मुलाचा वाटा त्याला दुकान घालताना मिळालेला आहे. त्याने तोंड वाकडे करू नये.

२. बँकेतली शिल्लक दोघांत निम्मी-निम्मी. भांडलात तर ती वकिलाच्या घशात जाईल.

३. भरड कणांच्या अग्निजन्य खडकांचा माझा संग्रह, हातोडीसह, सुनेचा (कलम ४ मधला एक दगड सोडून). दगड नुसते पुसून न ठेवता निरखून पाहणारी घरात ती एकटीच. मुलाने त्यातला एकही कुंडीत घालू नये.

सूनबाई, पॉलिशवर भाळू नकोस, ताजा फुटलेला भाग बघ. कण नुसत्या डोळ्यांना दिसतात, म्हणजे तो रस जमिनीच्या पोटात सावकाश थिजला. काचेसारखा, वेडावाकडा फुटलेला कण क्वार्ट्झचा. सपाट फुटून उजेडात चमकतो तो फेल्स्पार. नखाने पापुद्रा सुटला की अभ्रक. तिन्ही भेटले तर बिनधास्त ग्रॅनाइट म्हण. क्वार्ट्झ नसेल आणि करड्या फेल्स्पारात काळे पायरोक्सिन दाटले असेल तर तो गॅब्रो, मग दुकानदार काहीही म्हणो.

४. दुकानदाराचे ऐकणारा माणूस म्हणजे माझा थोरला भाऊ. नव्या घरी त्याने चारचौघांत स्वयंपाकाच्या ओट्यावर थाप मारून सांगितले, अस्सल काळा ग्रॅनाइट! मी भिंग लावले आणि गॅब्रो म्हणाले. होताच तो.

"तुला दगड कळतात गं, माणसं नाही कळत," दादा म्हणाला, आणि आमचे बोलणे तुटले. मधल्या मध्ये निरोप पोचवून वहिनी थकली.

माझे यजमान गेल्यावर मी या घरात आले. लिफ्ट नाही, दगडांच्या पेट्या बघून हमालांनी हात वर केले. वहिनीकडून कळताच दादा आला. दुखऱ्या गुडघ्याने त्याने एकेक पेटी तिसऱ्या मजल्यावर चढवली. मी नको म्हटले नाही. म्हटले असते तर तो थांबला असता. शेवटच्या पेटीवर बसून घाम पुसत म्हणाला, "यातला गॅब्रो कुठला, दाखव."

मी दाखवला. खिडकीशी नेऊन त्याने भिंगातून बराच वेळ पाहिला.

"मला तर ग्रॅनाइटच वाटतो," म्हणाला, आणि चहा मागितला.

तेव्हापासून तो दर रविवारी येतो, तोच दगड पाहतो आणि तेच म्हणतो. सबब तो गॅब्रो आणि माझे भिंग दादाला द्यावे. तो माझ्याआधी गेल्यास (घाई त्याच्या अंगातच आहे) दोन्ही वहिनीकडे. माझ्यामागे सुनेने रविवारी त्याच्याकडे जावे. तो ग्रॅनाइट म्हणाला की तिने गॅब्रोच म्हणावे. माझी आठवण काढून, वयाचा मान राखून, होला हो मिळवू नये. ते त्याला सोसणार नाही.

सही : भूशास्त्राच्या बाई

साक्षीदार, एकमेकांसमक्ष व माझ्यासमक्ष :
१. तळमजल्यावरचे डॉक्टर (डोके तपासून)
२. शेजारच्या शिंपीणबाई

स्थळ : राहते घर, तिसरा मजला
दिनांक : १२ फेब्रुवारी २०२३