अण्णा आले म्हणून

१२ नोव्हें., उमरगा
आज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी सिस्टर ब्रिजिटना नेलं. मला न विचारता. मी तुळजापुरात, बहिणीकडच्या गोंधळाला. दुपारच्या बसनं आले तर खाटेवर गादी गुंडाळलेली. कॉन्व्हेंटच्या मदर म्हणाल्या, "सख्खा भाचा आहे. हक्क आहे त्याचा." हक्क! इतकी वर्षं मी त्यांचं हगणंमुतणं काढलं, ते कुठल्या हक्कानं?
स्वयंपाकाच्या शांताबाईला विचारलं, रडल्या का?
"न्हाय बाई. लई हासत गेल्या. 'अण्णा आले, अण्णा आले' करत गाडीत बसल्या."


१३ नोव्हें.
अण्णा म्हणजे त्यांचे वडील. उत्तर आयर्लंडचे लॉर्ड, मोठे पुढारी, मंत्रीही झाले. गढी, घोडे, दोन मुलगे, ही एकच मुलगी. मतदार सगळे प्रोटेस्टंट, आणि मुलगी कॅथलिक होऊन नन झाली. भर सभेत कुणी विचारलं, मुलगी कुठंय? म्हणाले, मला दोन मुलगे आहेत. ते निवडून आले. या उमरग्याला आल्या.
आम्ही कॉन्व्हेंटच्या शाळेतल्या पोरी वडिलांना अण्णा म्हणायचो, म्हणून याही लॉर्डसाहेबांना अण्णाच म्हणायला लागल्या. अण्णांनी कधी एक ओळ लिहिली नाही. वारल्याचंसुद्धा भावानं उशिरा कळवलं.
हल्ली त्यांचं इंग्रजी पुसूनच गेलंय. फाटकाशी गाडी थांबली की, "अण्णा आले का गं?" मी म्हणायचे, "येतील. आधी पेज घ्या."
भाच्याचं नाक हुबेहूब आजोबांचं. फोटो पाहिलाय मी. त्यांना वाटलं असणार, शेवटी...

२० नोव्हें.
भाच्याचा आयर्लंडहून फोन. आता तोच लॉर्ड. माणूस वाईट नाही, हाच ताप. आजोबांचं शेवटचं हयात मूल घरच्या छपराखाली असावं, म्हणून नेलं म्हणे. विचारतो, ही ॲना कोण? दिवसभर दाराकडं बघून ॲना, ॲना करतात. गावातली एक ॲना, जुन्या मोलकरणीची मुलगी, आणून बसवली जवळ! सिस्टरनी तिचा हात झिडकारला. जेवण बंद.
म्हटलं, अरे बाबा, ती बाई नव्हे, तुझा आजोबा!
म्हणाला, "पण आजोबा तर यांचं नावच काढत नसत."
म्हटलं, ते त्या विसरल्यात. देवानं तेवढी एकच मेहेरबानी केलीय, तू आठवण करून देऊ नकोस.
फोन त्यांच्या कानाशी धरायला लावला.
"सिस्टर, जेवा बघू."
"कोण, सुमे? अण्णा न्हाय गं हे. दुसरंच कुणी हाय."
मी फोन ठेवला.

२३ नोव्हें.
भाच्याला पत्र गेलं. रजिस्टर्ड, शिवाय ईमेल. शेवट इथं उतरवते:
"तुमच्या घराण्यानं यांना एकदा नाकारलं, आता फसवून नेलं. तुमचा हेतू चांगला होता, हे उत्तर मला नको. प्रवास झेपतोय तोवर त्यांना उमरग्याला परत आणणार की नाही, ते ५ डिसेंबरला संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळवा. होय असेल तर मी मुंबईच्या विमानतळावर येऊन उभी राहते. नाही असेल, तर ते त्यांना मराठीत सांगावं लागेल. कोण सांगणार, त्याचं नाव लिहा."