कोचीला खाल्लेले झिंगे

११ फेब्रुवारी, संध्याकाळ. आमचं सहलीचं जहाज अजून कोचीच्या बंदरातच आहे.

दिवस छान गेला, असं लिहावं की नाही, कळत नाही. ऊन होतं, वारा होता, घाई कशाचीच नव्हती. माझी पोरगी सुषमा मला बंदराजवळच्या खाणावळीत घेऊन गेली. पाट्या सगळ्या गोल गोल अक्षरांत. घरच्या घरी वाचायला शिकले, आणि इथे पुन्हा अडाणी. तिनेच मागवलं, भात आणि नारळाचा रस्सा.

पहिल्याच घासाला कळलं, झिंगे आहेत. यांच्या अस्थी घेऊन गंगेवर गेलो तेव्हा मी झिंगे सोडले. आवडीचं काही सोडायची रीतच आहे. नवेगावच्या तलावातले झिंगे यांच्या फार आवडीचे, म्हणून तेच. मनातल्या मनात सोडले, सुषमालाही सांगितलं नाही. दोन वर्षं बोट लावलं नव्हतं.

"काऊन आई, तिखट लागून राहिलं का?" तिने विचारलं.

"नाही वं, बेस आहे," म्हणाले आणि ताट पुसून खाल्लं.

पाटी वाचता आली नाही म्हणून चुकले, असं म्हणता येईल. पण पहिल्या घासानंतरचे घास? ते का खाल्ले? रडूही आलं नाही. चव लागली. यांची आठवण आली ती जेवून हात धुताना.

आत्ताच सुषमा विचारून गेली, "तुले आवडलं दिसते. उद्या गोव्यात पण झिंगेच मागवू का?"

नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि "बघू" म्हणाले.