न्हाणीघरात उभी राहिलेली मेणबत्ती

प्रिय वन्सं,

नमस्कार वाकून करायची रीत आहे, पण या उकाड्यात वाकलं की घाम डोळ्यांत उतरतो, म्हणून हा उभ्याउभ्या केलेलाच गोड मानून घ्या. तुमची तब्येत कशी आहे? झोप लागते का? भावजींना भर उन्हात विजेच्या खांबांवर चढावं लागत असेल, त्यांना डोक्यावर ओला रुमाल ठेवायला सांगा. आमच्याकडे सगळे खुशाल आहेत, आणि ‘सगळे’मध्ये अण्णाही आले. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण गेल्या आठवड्यात ते गेल्याचा फोन तुम्हाला आला होता. तो फोन औषधाच्या दुकानदारांनी अगदी चांगल्या मनाने केला होता आणि तेवढ्याच चांगल्या मनाने थोड्या वेळात परतही घेतला होता, तेव्हा त्यांच्यावर रागावू नका. चूक आपल्या घरचीच आहे. ती कशी झाली हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोन अण्णांच्या खुर्चीला लागून आहे आणि त्यांचे कान या वयातही माझ्या कानांपेक्षा तिखट आहेत.

तर झालं असं. आपल्या वाचनालयाला शंभर वर्षं झाली म्हणून चौकात समारंभ करायचं ठरलं, आणि तिथे लावायला माणसाच्या उंचीची एक मेणबत्ती अण्णांनी करून द्यावी असं अध्यक्षांनी सुचवलं. सुचवलं तेव्हा हवा बरी होती. काम हातात घेतलं आणि सूर्य डोक्यावर बसला तो उठेचना. मेणबत्ती कशी होते हे तुम्हाला मी काय सांगायचं, लहानपणी तुमचेच हात वितळलेल्या मेणात असायचे. वात बुडवायची, वर काढायची, थर थिजू द्यायचा, मग पुन्हा बुडवायची. पण थिजायला हवेत थोडा तरी गारवा लागतो. इथे आधीचा थर घट्ट व्हायच्या आत पुढची बुडवणी त्याला विरघळवून घेऊन जायची, आणि आमची मेणबत्ती दर खेपेला जाड व्हायची सोडून बारीक होत चालली. (माझं नशीब असं असतं तर मी दिवसभर मेणातच बसले असते.) ह्यांनी दबक्या आवाजात पंख्याचा विषय काढला. अण्णा म्हणाले की पंख्याच्या वाऱ्याने वाती हलतात आणि मेण एका अंगाला बसतं, आणि आपल्या कारखान्यात पंखा लागणार नाही. आता कारखाना म्हणजे घरामागच्या दोन खोल्या, आणि त्यातल्या मोठ्या खोलीच्या छताला पंख्याचा हूक अजून आहे, त्याला आता मेण गाळायची चाळणी टांगलेली असते. तो पंखा बसवायला कोण आलं होतं, त्याला चहा कोणी नेऊन दिला आणि एक पंखा बसवायला त्या वायरमनला किती चकरा माराव्या लागल्या, हे तुम्हीच मला हसत हसत सांगितलं होतं. तुमचं लग्न झालं त्याच आठवड्यात पंखा खाली आला. वाती हलण्याचं कारण त्यानंतर सापडलं. मेणबत्तीवाल्याच्या मुलीने विजेवाल्याच्या घरी जावं, हे अण्णांच्या घशाखाली कधी उतरलंच नाही.

शेवटी घरातली सगळ्यात गार जागा शोधायची ठरली, आणि ती निघाली न्हाणीघर. तिथे मेणबत्तीची स्थापना झाली. मग घरातली माणसं अंघोळीला शेजारी जाऊ लागली. शेजारीण पहिल्या दिवशी आपण होऊन साबण काढून देत होती, नंतर तिने दार उघडायला वेळ लावायला सुरुवात केली. मेणबत्तीला मात्र दिवसभर ओल्या चादरींत गुंडाळून ठेवायचं, चादरी वाळल्या की पुन्हा भिजवायच्या, आणि रोज पहाटे, हवा जरा निवलेली असताना, एकेक थर चढवायचा. इतकी सेवा माझी बाळंतपणात झाली नव्हती. (हे ह्यांना वाचून दाखवलं. ते खिडकीबाहेर बघत राहिले.) पण अण्णा खूश होते. दुखऱ्या गुडघ्यांनी स्टुलावर चढून मेण ओतायचे, उतरून लांबून बघायचे, आणि म्हणायचे की हे आपलं शेवटचं मोठं काम, हे सरळ उभं राहिलं पाहिजे. त्यांचं या वयात हसं झालेलं मला बघवलं नसतं, आणि दाराच्या फटीतून मला तर ती मेणबत्ती किंचित डावीकडे कललेली दिसत होती.

समारंभाच्या दिवशी अण्णा सकाळीच चौकात गेले, मेणबत्तीसाठी चौथरा नीट बांधलाय का ते बघायला. मेणबत्ती आम्ही मागून आणायची होती. ती उभी नेली तर वाटेतच बसकण मारणार, म्हणून ह्यांनी हातगाडीवर आडवी निजवली, पांढऱ्या ओल्या चादरीत डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळली आणि वर छत्री धरली. गाडी ओढताना ह्यांच्या डोळ्यांत घाम जाऊन डोळे लालबुंद झालेले, आणि मागून मी बादलीतलं पाणी चादरीवर शिंपडत चाललेली. आता, वन्सं, तुम्हीच दारात उभ्या असतात तर काय समजला असतात? रस्ता गप्प झाला. लोकांनी टोप्या काढल्या. न्हाव्याने अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकाला घेऊन बाहेर येऊन मान खाली घातली. एरवी वाटाण्याच्या भावावरून तासभर वाद घालणारी माणसं, पण अशा वेळी विचारायचं कसं म्हणून कोणी काही विचारलं नाही, नुसती मागे चालू लागली. समारंभासाठी निघालेला बँड आम्हाला कोपऱ्यावर भेटला आणि त्यानेही आपणहून संथ चाल धरली. ह्यांना वाटलं लोकांना मेणबत्तीचं कौतुक आहे. (बहीण म्हणून तुम्हाला आश्चर्य वाटणार नाही.) औषधाच्या दुकानदारांनी शटर खाली ओढलं आणि आत जाऊन तुम्हाला फोन लावला.

चौकात पोचलो तर चौथऱ्याशी अण्णा उभे, सुतारावर ओरडत. आमच्यामागच्या मिरवणुकीने त्यांना पाहिलं आणि ती जागच्या जागी थिजली, जे आमच्या मेणाला इतक्या दिवसांत जमलं नव्हतं. निवृत्त मुख्याध्यापक तर वाटेत मनातल्या मनात शोकसभेचं भाषण जुळवत आले होते, ते वाया गेल्याचं थोडं वाईट त्यांना वाटलंच. दुकानदार तुम्हाला पुन्हा फोन करायला धावत परत गेले. त्यांनी परत येऊन मला सांगितलं की खरं काय ते कळल्यावर आधी फोनवर तुमचा नुसता श्वास ऐकू येत होता, आणि मग म्हणालात, “मग त्यांना म्हणावं, उन्हात फिरू नका.” आणि फोन ठेवलात. हा निरोप मी अण्णांना तिथेच चौथऱ्यापाशी दिला. ते हळूच सरकून मंडपाच्या सावलीत जाऊन बसले. मी या घरात आल्यापासून त्यांनी कुणाचं ऐकलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

संध्याकाळी समारंभ सुरू झाला. अध्यक्षांचं भाषण लांबत गेलं आणि मेणबत्ती हळूहळू वाकत गेली. वाचनालयाच्या स्थापनेपर्यंत ती ताठ होती, इमारतीच्या दुरुस्तीपर्यंत तिने मान झुकवली, आणि देणगीदारांची नावं येईतो तिची वात अध्यक्षांच्या खिशाशी जाऊन पोचली. लोक हसू दाबत होते. अण्णांचा चेहरा मला बघवेना. तेवढ्यात, गावभर पंखे लागलेले आणि वर रोषणाई, वीज गेली. माईक बंद पडला, चौकात अंधार झाला. मग अण्णाच पुढे झाले. ह्यांनी मेणबत्तीला शिडीचा टेकू दिला आणि अण्णांनी ती पेटवली. वाकडी ती वाकडी, पण सगळा चौक उजळला. हसणारे गप्प झाले, आणि मग कुणीतरी टाळी वाजवली आणि ती थांबेचना. मला रडू आलं, लपवत नाही.

मला वाटलं आता अण्णा विजेच्या नावाने शंख करणार. पण चौकाच्या कडेला खांबावर एक वायरमन चढला होता, शर्ट पाठीला चिकटलेला, आणि मेणबत्तीच्या उजेडात खाली वाकून हत्यार शोधत होता. अण्णा त्याच्याकडे बघत राहिले. वीज आली, सगळे रोषणाईकडे वळले, तरी ते त्याच्याकडेच बघत होते. तो उतरल्यावर आपल्या हातातलं सरबत त्यांनी त्याला दिलं. घरी येताना ह्यांना विचारलं, “तिच्या नवऱ्यालाही असंच चढावं लागतं का?” ह्यांनी हो म्हटलं.

बाकी सर्व क्षेम. हवा अजून तापलेलीच आहे, पण न्हाणीघर मोकळं झालं आणि शेजारीण पुन्हा बोलू लागली. लोभ आहेच, तो उन्हाने वितळू देऊ नका.

तुमची,
वहिनी

ता. क. खरं म्हणजे पत्र यासाठी लिहिलं की तुम्ही दोघांनी या रविवारी यावं. पंखा माळ्यावर आहे. मी वर जाऊन पाहिला, जुन्या धोतरात गुंडाळून वातीच्या दोऱ्याने बांधून ठेवलाय, पात्यांवर धूळ नाही. असा कोणी नको असलेला पंखा ठेवत नाही. भावजींनी तो हुकाला चढवावा. अण्णांना सांगायचं कारण मी काहीतरी शोधीन. अण्णांना यातलं काहीही माहीत नाही.

आणखी ता. क. अण्णांना सगळं माहीत आहे. मी चहा घ्यायला आत गेले तेवढ्यात हे पत्र त्यांनी वाचलं, आणि मेणबत्ती डावीकडे नव्हे, उजवीकडे कलली होती असं सांगितलं. आता हुकाची चाळणी त्यांनी स्वतः काढली आहे. तुम्हाला निरोप लिहायला सांगतात, तो जसाच्या तसा लिहिते: “जावईबापूंना म्हणावं, शिडी आणू नका, आपली आहे. आणि तिला म्हणावं, दुपारच्या गाडीने निघू नको. ऊन फार आहे.”